एक मात्रा जास्त

तुळिंजमध्ये पाण्याचा टँकर कधी येईल ते कुणालाच सांगता यायचं नाही, पण कुणाच्या मुलीचं लग्न ठरलंय हे जाणून घ्यायचं तर सरळ क्षितिजाचं दार गाठावं. सुपारी फुटली की ती मुलगी दोन-चार दिवसांत लाजत लाजत तिसऱ्या मजल्यावर चढायचीच. "क्षितिजाताई, मला एक उखाणा दे ना. पण सगळ्यांचा असतो तो नको. माझा हवा."

क्षितिजा ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवायची. ओवी, अभंग, आर्या, लावणी, सगळं फळ्यावर लिहायची आणि मुलं ते मुकाट्याने उतरवून घ्यायची. तिचा खरा जीव मात्र उखाण्यात होता. "साऱ्या तुळिंजच्या नवऱ्यांची नावं हिच्या तोंडात," आई पोळ्या लाटताना म्हणायची, "हिच्याच नवऱ्याचा तेवढा पत्ता नाही." क्षितिजा सत्तावीसची झाली होती आणि आईचं हे वाक्य तिला पाठ झालं होतं.

उखाण्याच्या बाबतीत तिचे दोन नियम होते. एक, उखाणा तोंडी शिकवायचा. कागदावरून पाठ केलेला उखाणा हजेरी घेतल्यासारखा वाटतो. दोन, सरावात नवऱ्याचं खरं नाव घ्यायचं नाही. ते पहिल्यांदा उंबरठ्यावरच तोंडातून यायला हवं, तरच आवाजात ती किंचित थरथर येते. तोवर त्या जागी तितक्याच मात्रांचं दुसरं कुठलंही नाव. आखूड अक्षराची एक मात्रा, लांब अक्षराची दोन... नवरा महेश असो की सुरेश, सरावाला तिच्याकडे गणेश ठरलेला. विघ्नहर्त्याचंच नाव, त्यात कसलं विघ्न येणार?

ते आलं, आणि ते कसं आलं त्याचीच ही गोष्ट.

अठ्ठ्याण्णव सालच्या माघात खालच्या मजल्यावरच्या ऋतिकाचं लग्न होतं. मुलगा जितेश, वसईजवळच्या होळी गावचा, केळी आणि भाजीच्या वाडीवाल्यांच्या घरातला, नोकरीला बँकेत. ऋतिकाचे वडील सदानंदकाका पत्रिका छापायला होळीच्या बाजारातल्या प्रेसमध्ये निघाले, तेव्हा म्हणाले, "क्षितिजा, तू चल. माझं शुद्धलेखन म्हणजे आनंदीआनंद आहे."

प्रेस म्हणजे एक लांबट खोली. शाईचा वास, दोऱ्यांवर वाळत घातलेल्या पत्रिका, आणि त्या पत्रिकांच्या मागून डोकावलेला एक उंच, सावळा तरुण. कोपरापर्यंत बाह्या दुमडलेल्या, उजव्या गालावर लाल शाईचा ठिपका. तो परेश. त्याने नमुना पुढे केला. क्षितिजाने वाचला आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

*दोन मनांची जुळली तार, सनई घुमली दारोदार,*
*आपण येऊन द्यावा आशीर्वाद, हाच आम्हा खरा सत्कार.*

"तिसरा तुकडा लंगडतोय," ती म्हणाली.

"कुठे?"

"बाकीचे तीन पंधरा मात्रांचे आहेत. हा वीस. पाच जास्त."

परेशने पत्रिकेकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मॅडम, पाहुण्यांना जेवायला बोलावतोय. मात्रा मोजायला नाही."

"एक पाहुणी मोजणार आहे."

"कोण?"

"मी."

"साऱ्या तुळिंजचे उखाणे हीच रचते, आणि त्यांना कविता मानते," सदानंदकाका म्हणाले आणि उगाच भिंतीवरच्या कॅलेंडरातला मुहूर्त पाहू लागले. परेशच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, पण त्याने ते बाहेर येऊ दिलं नाही. "बरं. मग काय करायचं?"

"'आपण येऊन' काढा. 'यावे' घाला. 'यावे, द्यावा आशीर्वाद.' झाले पंधरा."

त्याने बोटांवर मोजलं. एकदा, मग परत एकदा. "झाले," तो कबूल करत म्हणाला. "पण खरं सांगू? मला ही यमकं बघूनच कंटाळा येतो. दिवसभर तेच. तार-दारोदार, नाती-ज्योती, मंगल-तोरण... नाही, तेही जुळत नाही, पण लोक छापायला देतात. संध्याकाळी घरी गेलं की मी मुद्दाम मुक्तछंदात लिहितो."

"तुम्ही लिहिता?"

"रविवारी वसईच्या वाचनालयात वाचतो. या ऐकायला. मात्रा मोजायला मिळणार नाहीत, आधीच सांगतो."

ती जाणार नव्हती. दोन दिवस ती स्वतःला हेच सांगत राहिली. आणि रविवारी संध्याकाळी बस धरून वसईला गेली.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत पंधरा-वीस माणसं सतरंजीवर बसली होती. परेशची पाळी आली. त्याने घसा खाकरला, आणि पाटाच्या पाण्यावर एक साधी कविता वाचली. वाडीतलं पाणी पहाटे कुठल्या वाफ्याकडे आधी वळतं, आणि वाट पाहणारा शेवटचा वाफा काय विचार करत असेल... एवढंच. ना यमक, ना चाल. क्षितिजाची बोटं सवयीने मांडीवर मोजायला लागली होती, ती मध्येच कधी थांबली ते तिचं तिलाच कळलं नाही. कविता तिला आवडली. सपशेल आवडली, आणि त्याचा तिला थोडा रागही आला.

"आता मॅडम बोलतील," परेशने तिला बसल्या जागी पकडलं. "त्या उखाण्याला कविता मानतात."

सगळे हसले. क्षितिजा उठून उभी राहिली. वर्गात मुलांपुढे उभी राहते तशीच.

"मी फक्त नावाबद्दल बोलते," ती म्हणाली. "आपल्या कवितेत माणसाचं नाव कुठे येतं ते बघा. जात्यावरच्या ओवीत बाईने भावाचं नाव घातलं, बापाचं घातलं, लेकराचं घातलं, स्वतःचं कुठेच नाही. संतांनी अभंग रचले आणि शेवटच्या चरणात आपलं नाव ठेवलं. शाहिरानेही लावणीच्या अखेरीला आपलं नाव गुंफलं. गझल लिहिणारा शेवटच्या शेरात आपलं टोपणनाव सोडून जातो. म्हणजे ओवी सोडली तर सगळी आपापली नावं. उखाणा हा एकच प्रकार असा, की त्यात दुसऱ्याचं नाव घ्यायचं असतं, आणि सगळी कविता त्या एका नावासाठीच रचलेली असते. पूर्वी उखाणा म्हणजे कोडं असायचं. अजूनही तेच आहे. उत्तर सगळ्यांना माहीत असतं, तरी ते तिच्या तोंडून ऐकायला सगळं घर गप्प बसतं. आयुष्यात कधी चार ओळी न लिहिलेल्या बाईला एवढे श्रोते दुसऱ्या कुठल्या कवितेने दिलेत?"

खोलीत कुणी हसलं नाही. परेश तर मुळीच नाही. तो सतरंजीची दशी बोटाला गुंडाळत तिच्याकडे बघत होता.

बाहेर पडल्यावर त्याने तिच्या हातात केळीच्या वाळक्या पानात बांधलेली एक जुडी ठेवली. सुकेळी. घरच्या केळ्यांची, उन्हात वाळवलेली, मधासारखी चिकट. "आईने केलीत. मात्रा मोजलेल्या नाहीत."

"तुमच्या कवितेखाली तुम्ही नाव का नाही लिहिलंत?" तिने विचारलं. भिंतीवर लावलेला कागद तिने जाता जाता पाहिला होता.

"मला कवितेत नाव नको वाटतं. माझं नाही, कुणाचंच नाही. नाव आलं की कविता त्या एका माणसाची होते. मग बाकीच्यांनी काय करायचं?"

"बाकीच्यांनी ऐकायचं," क्षितिजा म्हणाली.

तो हसला. बस आली. खिडकीतून तिने मागे पाहिलं नाही, पण सुकेळी मात्र तुळिंज येईपर्यंत संपवून टाकली, आणि घरी आईपासून चिकट हात लपवावे लागले.

त्यानंतर पत्रिकांना उगाचच पुष्कळ दुरुस्त्या निघू लागल्या. सदानंदकाकांचं आडनाव नीट होतं, तरी ते तपासायला ती गेली. शाई जरा फिकी वाटते का, म्हणून गेली. परेशही काही कमी नव्हता. "मॅडम, हा 'शुभविवाह' कुठल्या वृत्तात बसतो?" असं काहीतरी काढून तो तिला बसवून घ्यायचा आणि शेजारच्या हॉटेलातून चहा मागवायचा. बोलता बोलता कळलं की जितेशचं घर आणि त्याचं घर एकाच आळीत, मध्ये फक्त एक विहीर. "म्हणजे लग्नात मी असणारच," तो म्हणाला. "तुमचा उखाणा ऐकायला."

"माझा नाही. ऋतिकाचा."

"रचलेला तुमचाच ना?"

रात्रीची जेवणं आटोपली की ऋतिका वर यायची आणि दोघी गच्चीत बसायच्या. उखाणा ठरला होता.

*सोडला तुळिंजचा नळ, धरला वाडीतला पाट,*
*गणेशरावांचं नाव घेते, सोडा माझी वाट.*

"पाट कुठून सुचला गं?" ऋतिकाने विचारलं.

"वाडी म्हटली की पाट आलाच." क्षितिजाने उत्तर दिलं आणि विषय बदलला. "मी आधी म्हणते, तू मागून म्हण. सोडला तुळिंजचा नळ... धरला वाडीतला पाट... परेशरावांचं नाव घेते..."

ती थांबली. ऋतिका तर आधीच तोंडावर ओढणी धरून हसत होती.

"गणेशचा परेश कधी झाला गं ताई?"

"मात्रा तेवढ्याच आहेत," क्षितिजा घाईघाईने म्हणाली. "एक, दोन, एक. मोजून बघ."

"बघितलं. अगदी बरोबर बसतोय." ऋतिका डोळे मिचकावत म्हणाली. "मग मी आता परेशच म्हणणार. तुझ्या तोंडाला येतंय तर माझ्या तोंडाला काय होतंय?"

आणि खरंच ती तेच म्हणत राहिली. रोज रात्री, चिडवायला म्हणून. क्षितिजाने दोनदा दटावलं, तिसऱ्यांदा दटावलं नाही. दुसऱ्याच्या तोंडून का होईना, ते नाव रात्रीच्या गच्चीत ऐकायला तिला बरं वाटत होतं. आपण प्रेमात पडलो आहोत हे तिला त्याच गच्चीत कळलं. टाकीला टेकून, ऋतिकाचा उखाणा ऐकताना.

लग्नाच्या आधीच्या रविवारी परेशने विचारलं, "राजोडीला येता?" तिथल्या समुद्रकाठच्या सुरूच्या बनात सकाळी गर्दी नसते. ती गेली. ओहोटी होती, कोळणी जाळी पसरत होत्या. दोघं ओल्या वाळूवरून चालत राहिले. त्याने चपला हातात घेतल्या होत्या, मग तिनेही घेतल्या.

"एक सांगायचं होतं," तो म्हणाला.

"मलाही."

"आधी तुम्ही."

क्षितिजाने श्वास घेतला. मनातलं सांगायचं होतं, पण तोंडातून निघालं ते भलतंच. "आईने ठरवलंय. ऋतिकाचं लग्न झालं की पुढच्या रविवारी मला बघायला येणार आहेत. बोरिवलीचे आहेत."

हे तिने का सांगितलं, ते कुणालाही कळेल. येऊ देऊ नका, असं त्याने म्हणावं म्हणून. एवढंच तिला हवं होतं. परेश चालता चालता थांबला. त्याच्या तोंडावरून काहीतरी सरकून गेलं. मग त्याने हसायचा प्रयत्न केला, आणि माणूस गडबडला की जे करतो तेच त्याने केलं, विनोद केला.

"छान. मग पत्रिका आमच्याकडेच छापा."

लाट आली आणि दोघांचे पाय भिजवून गेली. क्षितिजा खाली बघत राहिली. "हो," ती म्हणाली. "मात्रा मोजूनच देईन मजकूर."

"आणि तुमचं काय होतं सांगायचं?" थोड्या वेळाने तिनेच विचारलं.

"काही नाही. असंच... राहू दे."

परतीच्या रिक्षात दोघंही समुद्राबद्दलच बोलले. त्या रात्री गच्चीत ती ऋतिकाला म्हणाली, "आजपासून परत गणेश." ऋतिकाने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मान डोलावली. पण लग्नघरच्या धामधुमीत नंतर सराव झालाच कुठे? मेंदी होती, हळद होती, पाहुणे होते. जिभेला जे वळण लागलं होतं, ते तसंच राहिलं.

लग्न दुपारी लागलं. संध्याकाळी वरात होळीला पोचली, तेव्हा वाडीत उन्हं तिरपी झाली होती. पाठराखीण म्हणून क्षितिजा ऋतिकाबरोबर आली होती. हा मान ऋतिकाने हट्टाने तिलाच दिला होता. घराच्या दाराला केळीचे खांब, अंगणभर आळीतली माणसं, शेजारच्या घरची फर्डिनंडकाकांची मंडळीसुद्धा कुंपणाशी उभी. उंबरठ्यावर तांदळाचं माप, आणि मापामागे दार अडवून बसलेल्या जयवंतीआत्या. जितेशच्या वडिलांच्या थोरल्या बहीण, आळीतलं कुठलंही लग्न त्यांच्या गाण्याशिवाय न लागणाऱ्या.

"नाव घे पोरी," त्या म्हणाल्या. "नाव घेतल्याबिगर दार नाय उघडाचा."

अंगण गप्प झालं. अगदी क्षितिजाने वाचनालयात सांगितलं होतं तसं. परेश विहिरीच्या कठड्याशी उभा होता, हातात पाहुण्यांसाठी सरबताचा ट्रे. राजोडीनंतर ती दोघं आजच एकमेकांसमोर आली होती, आणि दिवसभर दोघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं होतं.

ऋतिकाने पदर सावरला. आवाज किंचित थरथरला, अगदी हवा तसा.

"सोडला तुळिंजचा नळ, धरला वाडीतला पाट,
परेशरावांचं नाव घेते, सोडा माझी वाट."

क्षणभर कुणाला काही कळलंच नाही. मग कळलं. ऋतिकाचा हात तोंडावर गेला. जितेशचा चेहरा पडला. त्याच्या काकांनी कपाळाला आठी घालून परेशकडे पाहिलं आणि मग सगळ्या आळीनेच परेशकडे पाहिलं. लहानपणापासूनचा मित्र, विहिरीपलीकडच्या घरातला. मागून बायकांची कुजबुज सुरू झाली.

"कोनाचा नाव घेतला गो?" जयवंतीआत्यांनी शांतपणे विचारलं.

ऋतिकाच्या डोळ्यांतून पाणीच आलं. सासरच्या दारातलं पहिलं वाक्य, आणि ते असं. क्षितिजाच्या लक्षात आलं, की आता इथे कुणी काही बोललं नाही तर हे नाव या पोरीच्या कपाळी कायमचं चिकटेल. दहा वर्षांनीही कुणीतरी हसत हसत काढेल.

ती पुढे झाली.

"आत्या, चूक माझी आहे. उखाणा मी शिकवला. सरावात खरं नाव घ्यायचं नाही असा माझा नियम आहे. त्या जागी आम्ही दुसरं नाव घालतो. तिला तेच बोलायची सवय झाली."

"मंग परेसच का?"

"मात्रा जुळतात," क्षितिजा म्हणाली. "जितेश आणि परेश. दोन्हींच्या सारख्याच."

आत्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. त्यांचं अर्धं आयुष्य लग्नातली गाणी जुळवण्यात गेलं होतं. "सुरेस नव्हता? महेस नव्हता? गनेस तर घरोघर. ते नाय जुलत?"

कुंपणाशी कुणीतरी खुदकन हसलं, पण जितेशच्या काकांच्या कपाळावरची आठी तशीच होती. ते अजून ऋतिकाकडेच बघत होते. अर्ध्या सांगण्याने भागणार नाही, हे क्षितिजाला कळून चुकलं. उरलेलं अर्धं तिने राजोडीच्या वाळूत गिळलं होतं. तिने परेशकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बोलता आलं नसतं.

"जुळतात," ती म्हणाली. "गणेशच असायचा. पण या वेळी माझ्या तोंडात तेच नाव येत होतं. ऋतिका फक्त माझ्या मागून म्हणत होती. ते नाव तिचं नाही, आत्या. माझं आहे... म्हणजे, मला आवडतं ते नाव. त्या नावाचा माणूसही. त्याला हे माहीत नव्हतं. आता झालं."

एवढं बोलल्यावर तिचे कान तापले. पदराचं टोक बोटाभोवती इतकं घट्ट गुंडाळलं गेलं होतं की बोट पांढरं पडलं होतं. काकांच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटली. जितेशने आधी परेशकडे पाहिलं, मग आपल्या बायकोकडे, आणि खिशातला रुमाल काढून तिच्या हातात दिला.

"घे आता तुजा नाव," आत्या ऋतिकाला म्हणाल्या. "नीट घे. रडू नको, काजळ उतरेल."

ऋतिकाने डोळे पुसले आणि पुन्हा म्हटलं. या वेळी जितेशरावांचं नाव आलं आणि ते पहिल्याहून गोड आलं, कारण ते आता खरोखर शोधून काढल्यासारखं होतं. माप लवंडलं, तांदूळ घरात पसरले, वाजंत्री सुरू झाली. लोक आत जायला निघाले.

"थांबा," जयवंतीआत्या जागच्या हलल्या नाहीत. "या पोरीनं चारचौघांत नाव घेतला. तिला अशीच सोडाची? परेस, ये रे इकडं. ट्रे ठेव तो."

परेशने ट्रे विहिरीच्या कठड्यावर ठेवला. तो अंगण ओलांडून आला. त्याच्या चेहऱ्यावर काय आहे हे क्षितिजाला कळेना, कारण ती रांगोळीकडे बघत होती.

"उखाना घे," आत्यांनी फर्मावलं.

"आत्या, याला येतच नाही," जितेश हसत म्हणाला. "हा मुक्तछंदवाला आहे. नाव तर कवितेत घालतच नाही कुणाचं."

"मंग जमत नसेल तर सांग बाबा तसा. पोरगी घरी जाईल."

परेशने वाडीकडे पाहिलं. केळीच्या पानांची सळसळ ऐकू येत होती. हा आता काहीतरी विनोद करणार आणि आपण उद्या तुळिंजमध्ये तोंड दाखवायच्या लायकीच्या राहणार नाही, असं तिच्या मनात आलं. मग तिला त्याची बोटं दिसली. पॅन्टच्या शिवणीवर एकेक करून हलत होती. तो मोजत होता.

"केळीला लागला घड, त्याला बांबूचा टेकू,
क्षितिजाचं नाव घेतो, मुक्तछंद लागलो फेकू."

अंगणात हशा उसळला. फर्डिनंडकाकांनी कुंपणापलीकडून टाळ्या वाजवल्या. जयवंतीआत्यांनी दोन्ही हातांनी क्षितिजाची दृष्ट काढली, बोटं कानशिलावर मोडली, आणि वाट सोडून त्या आत गेल्या. हळूहळू सगळेच आत गेले. अंगणात दोघं राहिली, आणि कठड्यावर सरबत.

वाडीत पाटाला पाणी सोडलेलं होतं. ते दोघं काठाकाठाने थोडं चालले.

"राजोडीला काय सांगायचं होतं?" तिने विचारलं.

"हेच. पण तुम्ही बोरिवली काढलंत. मला काही सुचलंच नाही. पत्रिकेचं बोललो आणि घरी जाऊन रात्रभर स्वतःला शिव्या दिल्या." तो थांबला. "रविवारच्या पाहुण्यांना काय सांगणार?"

"आईला सांगेन, पत्ता सापडला म्हणून."

"कसला पत्ता?"

"ते आमच्या घरातलं आहे. मग सांगेन." ती हसली. राजोडीनंतर पहिल्यांदाच. "आणि ऐका, मुक्तछंद फेकू नका हं. तुमची ती पाटाच्या पाण्याची कविता मला फार आवडली होती. तेव्हा सांगितलं नाही. माझा उखाणाही तिथूनच आला."

"पाट?"

"पाट."

त्याने वाकून पाटाच्या पाण्यात हात बुडवला. मग हळूच विचारलं, "माझ्या उखाण्याच्या मात्रा मोजल्यास?"

तुम्हीचं तू कधी झालं ते दोघांच्याही लक्षात आलं, पण कुणी बोललं नाही.

"मोजल्या," क्षितिजा म्हणाली. "पहिली ओळ सत्तावीस. दुसरी अठ्ठावीस. एक मात्रा जास्त आहे."

"मला वाटलंच. मोजताना तुझ्या नावापाशी अडखळलो." त्याने बोटं वर धरली. "थांब, काढतो. 'घेतो'च्या जागी..."

तिने त्याची बोटं आपल्या मुठीत धरली, मोजता येऊ नये अशी.

"राहू दे," ती म्हणाली. "ती मला हवी आहे."